फरक आढळला नाही, पण वेळ किती लागला? स्वीडनच्या शिक्षणसंशोधनातलं एक प्रकरण

एम.एड.च्या लघुप्रबंधांत एक वाक्य हमखास भेटतं: ‘दोन्ही गटांच्या मध्यमानांत सार्थक फरक आढळला नाही, म्हणून शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात येत आहे.’ म्हणजे सरासरीत दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही, तेव्हा ‘फरक नाही’ हेच गृहीतक कायम. पुढे शिफारशी, मग संदर्भसूची, की प्रबंध संपला. स्वीडनमध्ये १९६२ साली अशाच निष्कर्षाचा एक प्रबंध प्रसिद्ध झाला. विषय होता, निवडक मुलांना लवकर वेगळं काढावं, की सगळ्यांना एकाच वर्गात शिकवावं. पाच वर्षांनी गोथेनबर्ग शहरातल्या एका संशोधकाने त्यातली आकडेवारी पुन्हा उघडली आणि ‘फरक नाही’ या निष्कर्षाच्या पोटात काय दडलंय ते दाखवून दिलं. स्कँडिनेव्हियात शिक्षणशास्त्र शिकायला जाणाऱ्याने, आणि न जाणाऱ्यानेही, हे प्रकरण मुळापासून समजून घ्यावं असं मला फार मनापासून वाटतं. म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

दोन वाटांची शाळा

स्वीडनमध्ये १८४२च्या कायद्याने गावोगावी लोकशाळा आल्या. पण त्यांच्या शेजारी माध्यमिक शाळांची वेगळी वाट आधीपासून होती आणि विद्यापीठाकडे जायचं तर तीच धरावी लागे. लोकशाळेची चौथी किंवा सहावी झाली, की निवडक मुलं माध्यमिक शाळेत जात. बाकीची लोकशाळेतच राहत आणि तिथूनच कामाला लागत. म्हणजे अकरा-तेरा वर्षांच्या वयात मुलाच्या आयुष्याची दिशा ठरून जाई, आणि ती ठरवण्यात घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा असे. लष्करातल्या मानसशास्त्रीय चाचण्यांवर काम केलेले टॉर्स्टेन हुसेन १९४०च्या दशकात सांगत होते, की पुढे शिकण्याची कुवत असूनही शाळेबाहेर पडणारी मुलं देशात खूप आहेत.

१९४६ साली सरकारने शाळा आयोग नेमला. समाजशास्त्रज्ञ आल्वा मीर्दाल त्याच्या सदस्य होत्या. आयोगाने सर्वांसाठी नऊ वर्षांची एकच शाळा सुचवली. १९५० साली संसदेने हे तत्त्व मान्य केलं, पण सरसकट अंमलबजावणी न करता आधी प्रयोग करायचं ठरवलं. खरा वाद एकाच मुद्द्यावर होता: मुलांना वेगळं कधी काढायचं? चौथीनंतर, सहावीनंतर, की काढायचंच नाही? माध्यमिक शाळांतल्या अनेक शिक्षकांना वाटे, की सगळ्यांना एका वर्गात बसवलं तर हुशार मुलांचं नुकसान होईल. सुधारणावाद्यांचं म्हणणं होतं, की लवकर वेगळं काढलं तर बाकीच्यांचं नुकसान होतं, आणि ते भरून निघत नाही.

एका शहराचे दोन भाग

१९५०च्या दशकाच्या मध्यावर स्टॉकहोम शहराने ठरवलं, की शहराच्या दक्षिण भागात नवी एकत्र शाळा आणायची आणि उत्तर भागात तूर्त जुनी दुहेरी व्यवस्था ठेवायची. हा निर्णय प्रशासकीय होता. संशोधकांना मात्र त्यात दुर्मीळ संधी दिसली: एकच शहर, एकच काळ, आणि शाळांची रचना तेवढी वेगळी. आपल्याकडे एखादी योजना काही जिल्ह्यांत आधी आणि काहींत नंतर येते तेव्हा असे नैसर्गिक प्रयोग आपोआप घडतात. ते टिपून ठेवायला त्या वेळी कोणी हजर नसतं, एवढंच.

स्टॉकहोममध्ये संशोधक निल्स-एरिक स्वेन्सन हजर होते. चौथीतल्या मुलांपासून सुरुवात करून त्यांनी ती मुलं नववीपर्यंत, पाच वर्षं, अभ्यासली. काही मुलांची निवड चौथीनंतर झाली होती, काहींची सहावीनंतर, तर काही सरमिसळ वर्गांतच राहिली होती. दोन्हीकडची मुलं मुळात सारखी नव्हती, म्हणून त्यांनी सुरुवातीची बौद्धिक क्षमता आणि घरची सामाजिक स्थिती लक्षात घेऊन सहप्रचरण विश्लेषणाने (मुळातला फरक हिशेबातून काढणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीने) गुण समायोजित केले. त्या काळाच्या मानाने काम अतिशय नेटकं होतं. निष्कर्ष असा, की लवकर निवडलेल्या मुलांनी सुरुवातीच्या वर्षांत काही विषयांत आघाडी घेतली, पण नववीपर्यंत ती विरून गेली. रचना कोणतीही असो, अखेरीस संपादनात, म्हणजे मुलं किती शिकली त्यात, लक्षणीय फरक उरला नाही.

हा प्रबंध १९६२ साली आला आणि त्याच वर्षी संसदेने नऊ वर्षांची एकच शाळा देशभर लागू करण्याचा निर्णय घेतला. प्रबंधामुळे निर्णय झाला असं म्हणणं चुकीचं ठरेल. राजकीय कौल बारा वर्षं आधीच झुकलेला होता. पण ‘हुशार मुलांचं नुकसान होईल’ या मुख्य आक्षेपाला आता मोजून दिलेलं उत्तर मिळालं होतं. एकत्र शाळेचे समर्थक सुखावले आणि प्रश्न मिटल्यासारखा झाला.

डालॉफ यांनी काय विचारलं

ही आकडेवारी पुन्हा उघडणारे संशोधक म्हणजे उर्बान डालॉफ. ते गोथेनबर्गच्या परंपरेतले. तिथे शेल हेर्नक्विस्ट यांच्या नेतृत्वाखाली शिक्षणसंशोधनाचं भक्कम केंद्र उभं राहत होतं. डालॉफ यांनी आधी गणित आणि मातृभाषेच्या अभ्यासक्रमांची तपासणी केली होती. पुढे, उच्च माध्यमिक शाळेतून बाहेर पडणाऱ्यांकडून विद्यापीठं आणि उद्योग नेमकी काय अपेक्षा ठेवतात, याचाही अभ्यास केला होता. ही पार्श्वभूमी मला निर्णायक वाटते. गुणांचा तक्ता पाहताना त्यांच्या डोळ्यासमोर त्या गुणांमागचा आशय असे: कोणता घटक, किती तासांत, किती खोलवर.

१९६७ साली प्रसिद्ध झालेल्या पुनर्विश्लेषणात त्यांनी स्वेन्सन यांची गणितं खोडून काढली नाहीत. त्यांनी दोन साधे प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न चाचण्यांच्या आशय सप्रमाणतेचा, म्हणजे शिकवलेलं सगळं चाचणीत येतं का, याचा होता. या संपादन चाचण्या मोजत काय होत्या? सर्व प्रकारच्या वर्गांत समान असलेला मूलभूत भाग. तुलना न्याय्य व्हावी म्हणून चाचणी अशीच करावी लागते, त्यात संशोधकाचा दोष नाही. पण निवडक वर्ग या भागाच्या पुढे जाऊन जे शिकत होते, ते चाचणीत नव्हतंच. चाचणीची वरची मर्यादा खाली असली, की तिच्या पलीकडे गेलेले सगळे एकाच उंचीचे दिसतात.

दुसरा प्रश्न वेळेचा होता. समान गुण मिळवायला दोन्हीकडे समान वेळ लागला का? डालॉफ यांनी अभ्यासक्रम आणि तासिकांची माहिती गुणांशेजारी ठेवली तेव्हा दिसलं, की निवडक वर्गांनी तोच मूलभूत भाग कमी वेळात उरकला होता आणि उरलेला वेळ पुढच्या आशयाला दिला होता. सरमिसळ वर्गांचा वेळ त्या मूलभूत भागावरच जास्त खर्ची पडत होता. समजा एका वर्गाने अपूर्णांक २० तासिकांत संपवले आणि दुसऱ्याने ३०, आणि वर्षाअखेरीच्या चाचणीत दोघांची सरासरी ७० आली. तक्त्यात ‘फरक नाही’ असं दिसेल, पण मधल्या १० तासिका तक्त्यात कुठेच दिसणार नाहीत. (हे आकडे माझे आहेत, समजावण्यापुरते.) अमेरिकेत जॉन कॅरल यांनी १९६३ साली शालेय अध्ययनाचं जे प्रतिमान मांडलं होतं, त्यात शिकायला लागणारा वेळ हाच मुख्य घटक होता. डालॉफ यांनी तो धागा वर्गाच्या रचनेशी जोडला.

सगळ्या वर्गाची गती कोण ठरवतं

यापुढचं पाऊल मला या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वाटतं. वेळ कमी-जास्त लागतो हे खरं, पण तो ठरतो कसा? समोर चाळीस मुलं बसली आहेत आणि शिक्षक फळ्यावर सगळ्यांना एकत्र शिकवतो आहे. ‘आता पुढच्या घटकाला जाऊ’ असं तो कोणत्या क्षणी म्हणतो? सगळ्यांना समजल्यावर म्हणावं तर तो दिवस उजाडतच नाही. निम्म्यांना समजल्यावर म्हणावं तर मनाला पटत नाही. डालॉफ यांचं अनुमान असं, की शिक्षक नकळत मुलांच्या एका छोट्या गटाकडे बघत असतो. क्षमतेच्या क्रमवारीत साधारण १०व्या ते २५व्या शतमकातली, म्हणजे शंभरांत खालून दहाव्या ते पंचविसाव्या जागेची, ही मुलं. त्यांना आलं, की वर्गाला आलं असं तो धरतो आणि पान उलटतो. या मुलांना डालॉफ यांनी वर्गाचं सुकाणू हाती असलेला गट म्हटलं.

चाळीस मुलांच्या वर्गात हा गट म्हणजे खालून पाचव्या ते दहाव्या क्रमांकाची सहा मुलं. वर्गाची गती त्यांच्यावर ठरते. वरची तीस मुलं वाट बघत बसतात, आणि त्यातल्या पुढच्या दहांना ती वाट फार लांब वाटते. तळाची चार मुलं मात्र पान उलटलं तेव्हा अजून मागच्याच पानावर असतात. त्यांच्यासाठी कोणी थांबत नाही. या चौघांचं वर्षाअखेरीस काय होतं, याचं उत्तर सरासरीत कधीच सापडणार नाही.

निवडक वर्गातही असा गट असतोच, पण तिथे त्याची क्षमता वरच्या पातळीची असते, म्हणून तो वर्ग वेगाने पुढे जातो. यात शिक्षकाच्या कौशल्याचा किंवा निष्ठेचा प्रश्न नाही. वर्गात कोण बसलंय, अभ्यासक्रम काय मागतो आणि तासिका किती, या तीन गोष्टी वर्गाबाहेर ठरतात. त्या ठरल्या, की आत काय शक्य आहे आणि काय अशक्य याच्या सीमा आखल्या जातात. या बाह्य घटकांना डालॉफ यांनी चौकट-घटक म्हटलं आणि हा सिद्धांत त्याच नावाने स्वीडिश शिक्षणशास्त्रात रुजला.

आपल्या कोणत्याही शिक्षकाला हे वाचताना आपलाच वर्ग दिसेल. तासिका पस्तीस मिनिटांची, पट साठच्या घरात, पोर्शन दिवाळीच्या आत अमुक धड्यापर्यंत न्यायचा. एखादी बाई मागच्या बाकांकडे एक नजर टाकून ‘समजलं ना?’ विचारतात, तेव्हा त्यांची नजर ठरावीक चेहऱ्यांवर जाते. ते चेहरे कोणते हे त्यांना विचारलं तर क्षणभर विचार करून त्या नावंही सांगतील.

वर्गात जाऊन पाहिलं तेव्हा

डालॉफ यांचं अनुमान आकड्यांवरून काढलेलं होतं. प्रत्यक्ष वर्गात ते तपासण्याचं काम गोथेनबर्गमध्येच उल्फ लुंडग्रेन यांनी केलं. १९७२ सालच्या त्यांच्या प्रबंधात गणिताच्या तासांची नोंद आहे आणि वर्गातल्या बोलण्याचं बारकाईने वर्गीकरण केलेलं आहे: प्रश्न कोण विचारतं, उत्तर कोण देतं, प्रतिसाद कोणाला मिळतो. सुकाणू गटाच्या कल्पनेला त्यातून दुजोरा मिळाला.

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढच्या कामात हाती लागली. वेळ कमी आणि मूल अडलेलं, अशा वेळी शिक्षक काय करतो? तो मुलाला समजावत नाही, पलीकडच्या काठावर नेऊन सोडतो. माझ्या शब्दांत उदाहरण द्यायचं तर असं:

‘बाराचा पाव भाग किती? ...बरं, बारा बोरं चौघांत वाटायची. बाराला चारने भाग. चार एके चार, चार दुणे?’
‘आठ.’
‘चार त्रिक?’
‘बारा.’
‘मग किती आले?’
‘तीन.’
‘शाबास.’

उत्तर बरोबर आलं. वर्ग पुढे सरकला. मुलाला मात्र पाव म्हणजे काय हे कळलेलं नाही, त्याला फक्त चारचा पाढा येतो. गलबताला बंदरात आणणाऱ्या वाटाड्यावरून लुंडग्रेन यांनी या प्रकाराला नाव दिलं. वाटाड्या बदलला की गलबत अडतं. हा शिक्षकाचा आळस नाही. चौकटीत उरलेल्या मिनिटांना तो देत असलेला तो एकच शक्य प्रतिसाद आहे. म्हणूनच या परंपरेत शिकलेले संशोधक ‘शिक्षकांना प्रशिक्षण द्यावं’ या शिफारशीवर सहजासहजी समाधान मानत नाहीत.

लुंडग्रेन यांनी पुढे या विचारातून अभ्यासक्रमाचा सिद्धांत उभा केला. १९९१ साली स्वीडनचं राष्ट्रीय शाळा मंडळ स्थापन झालं तेव्हा ते त्याचे पहिले महासंचालक झाले. वर्गातले तास मोजणारा माणूस देशाच्या शालेय व्यवस्थेच्या शिखरावर गेला, असा प्रवास आपल्याकडे फार क्वचित दिसतो.

या पुनर्विश्लेषणातून काय सिद्ध होत नाही

डालॉफ यांनी एकत्र शाळा चुकीची ठरवली असा अर्थ काढणारे तेव्हाही होते, आजही भेटतात. तो अर्थ निघत नाही. निवडक वर्ग वेगाने गेले हे खरं, पण त्यातून बाहेर राहिलेल्यांचं काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि अकराव्या वर्षी निवड कोणाची होत होती हे आपण वर पाहिलं. मला या प्रकरणातून दिसतं ते वेगळं. सर्वांना एका वर्गात आणायचं तर त्याची किंमत वेळेत आणि माणसांत मोजावी लागते. पट लहान ठेवा, मागे राहिलेल्या चौघांसाठी वेगळी तासिका आणि वेगळा शिक्षक द्या, पुढच्या दहांसाठी जादा काम तयार ठेवा. हे न देता फक्त भिंत पाडली, तर सगळा भार शिक्षकाच्या खांद्यावर येतो.

सिद्धांताची एक मर्यादाही आहे. सगळ्या वर्गाला एकदम शिकवणं हे त्याचं गृहीतक आहे. गटागटाने, आपापल्या गतीने काम चालत असेल तर सुकाणू गट असा एकच राहत नाही. शिवाय चौकट काय अशक्य आहे ते सांगते, पण शक्य असलेल्यातलं नेमकं काय घडेल ते सांगत नाही. सारख्याच चौकटीतले दोन शिक्षक वेगळं शिकवतात, ते का, याला इथे उत्तर नाही.

स्वीडनमध्ये पुढे चौकटच हलली. १९९०च्या दशकात शाळा नगरपालिकांकडे गेल्या, पालकांना शाळा निवडण्याची मुभा मिळाली आणि मुलामागे सरकारी पैसा खासगी शाळेतही जाऊ लागला. वर्गावर्गांत वेगळं काढणं थांबलेल्या देशात मुलं आता शाळाशाळांत वेगळी होऊ लागली. पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत स्वीडनची गणितातली सरासरी २००० साली ५१० होती, ती २०१२ साली ४७८ वर आली. या घसरणीचं खापर एकाच कारणावर फोडता येत नाही, पण तिने वर्गातला वेळ, शिक्षकाचं लक्ष आणि मुलांची सरमिसळ हे जुने प्रश्न पुन्हा टेबलावर आणले.

तिकडे शिकायला जाणाऱ्यांसाठी

डालॉफ स्वेन्सन यांच्या कामाकडे परत जाऊ शकले, कारण स्वीडनमध्ये प्रबंध कपाटात बंद राहत नाही. तो छापला जातो आणि बचावाच्या काही आठवडे आधी सर्वांसाठी खुला होतो. मग भरल्या सभागृहात बाहेरून आलेला विरोधक त्यावर तासन्‌तास प्रश्न विचारतो. त्याआधीही मधल्या टप्प्यावर आणि शेवटी अशी चर्चासत्रं होतात. आपल्या मुलांना हे आरंभी जड जातं. ‘सरांनी मंजूर केलं’ हे उत्तर तिथे चालत नाही. तुम्ही काय मोजलं नाही, आणि का नाही, हे तुम्हालाच सांगावं लागतं.

व्यवहाराचं थोडक्यात सांगतो. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना स्वीडनमध्ये २०११च्या शरद सत्रापासून पदव्युत्तर शिक्षणाला शुल्क आहे, नॉर्वेने ते २०२३ पासून लावलं. स्वीडनमध्ये पीएच.डी.ला मात्र शुल्क नाही आणि सहसा ती पगारी नोकरी असते. चार वर्षांचं पूर्णवेळ काम, आणि जाहिरात पाहून अर्ज करायचा असतो. म्हणून पदव्युत्तर प्रबंधाचा विषय निवडताना पुढच्या अर्जाचा विचार आधीच करावा.

आपल्या शाळांत हे कसं तपासता येईल

सर्व थरांतली मुलं एका शाळेत यावीत हा विचार आपल्याला परका नाही. १९६४–६६च्या कोठारी आयोगाने शेजारशाळेची कल्पना मांडली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. आज अनेक शाळांत गुणांवरून ‘अ’ तुकडी काढली जाते, काही शाळांत मुद्दाम सरमिसळ केली जाते. म्हणजे स्टॉकहोमचे उत्तर आणि दक्षिण भाग आपल्याकडे एकाच तालुक्यात, कधी एकाच गावात सापडतात.

एम.एड.च्या विद्यार्थ्याला परवडेल असा अभ्यास यातून उभा राहू शकतो. दोन्ही प्रकारच्या प्रत्येकी दोन शाळा घ्या. सातवीचा गणिताचा एकच घटक निवडा. सुरुवातीला पूर्वचाचणी घ्या आणि तिच्या आधारे मुलांचा क्रम लावा. तो क्रम शिक्षकांना दाखवू नका. घटक सुरू झाल्यापासून संपेपर्यंत प्रत्येक तासिकेची नोंद ठेवा: कोणतं उदाहरण, किती मिनिटं, आणि शिक्षकाने पुढे जाण्याआधी कोणाला विचारलं. उत्तरचाचणीत मूलभूत भागासोबत पुढच्या पातळीचे प्रश्नही घाला, म्हणजे वरची मर्यादा आड येणार नाही. शेवटी शिक्षकांना विचारा, की वर्गाला समजलं असं त्यांना कोणत्या मुलांवरून वाटलं, आणि ती नावं पूर्वचाचणीच्या क्रमाशेजारी ठेवा. मध्यमानांत सार्थक फरक आढळला नाही तरी चालेल. तासिकांचा रकाना आणि तळाच्या चार मुलांच्या उत्तरपत्रिका मात्र प्रबंधाला जोडा, म्हणजे पुढे कोणाला त्याच आकडेवारीला वेगळे प्रश्न विचारता येतील.